मालेची शीव

मामा, परवा तुमचा तेरावा झाला, तरी माणसं येतातच आहेत. सोप्यात बसतात, चहा घेतात आणि तुमच्या गोष्टी सांगतात. वारणेकाठच्या रानात बसवलेली मेंढरं, लांडग्याशी पडलेली गाठ, चारा छावणीवर तुम्ही घातलेला गोंधळ. मी कप उचलता उचलता ऐकते आणि मला वाटतं, ही माणसं कुणा दुसऱ्याबद्दल बोलतायत. मला ठाऊक असलेला माणूस काळी छत्री घेऊन समुद्राच्या कडेनं चालतो. स्कूटरवरची पोरं त्याच्या लाल फेट्याकडे मान वळवून बघतात. तो गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि मला विचारतो, “पोरी, ह्या गावाची शीव कुठं हाय?”

त्या माणसाबद्दल इथे कुणी बोलत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

जतहून लग्न होऊन मी तुमच्या माणदेशात आले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कोरड्यातनं कोरड्यात आली पोर. पुढे सांगलीला शिकलेलं नर्सिंग घेऊन मी मालदीवला नोकरीला गेले, तेव्हा मात्र तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. म्हणायला सगळं गाव होतं. नवरा शिरवळच्या कंपनीत, बायको समुद्रात, मग संसार कुठं? करार संपला, मी वाढवून घेतला, आणि सिद्धूचा फोन आला. “आप्पा येत्यात म्हैनाभर. त्येंच्यासंगं परत ये. बास झालं आता.” तुमच्या लेकाचं बोलणं नेहमीच असं, खिळा ठोकल्यासारखं. म्हणजे तुम्ही सुनेला बघायला नाही, न्यायला येत होतात. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं.

विमानतळ एका बेटावर आणि माले दुसऱ्यावर, मधे बोट. बोटीत बसल्यावर तुम्ही माझी खुशाली विचारली नाहीत, तक्रारी सांगितल्यात. पासपोर्टच्या फोटोला फेटा काढायला लावला ही पहिली. मुंबईला विमानात काठी नेऊ दिली नाही ही दुसरी, आणि ती मोठी. तुमचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता, त्याला काय करावं ते कळत नव्हतं. म्हणून पहिल्या दिवशी मी तुम्हाला छत्री घेऊन दिली. ती तुम्ही महिनाभरात एकदाही उघडली नाहीत, पावसातसुद्धा.

तेव्हा माझी रात्रपाळी होती. खोलीतली केरळची मैत्रीण रजेवर गेलेली, तिच्या कॉटवर तुम्हाला झोपवून मी कामावर गेले. सकाळी दवाखान्याच्या गेटबाहेर आले तर तुम्ही समोर उभे. कसे आलात, तर “चालत.” रस्ता कसा सापडला, तर “सापडला की.” आणि मग, “चल, शीव फिरून यिऊ.”

कुठल्याही गावच्या रानात तळ पडला की तुम्ही आधी त्या गावाची शीव फिरायचात. पाणी कुठं, पिकं कुणाची, मेंढरं कुठवर न्यायची, हे पायांना कळल्याशिवाय तुम्हाला झोप येत नसे. मला मात्र झोप अनावर झाली होती. पण सासऱ्याला नाही म्हणायची सवय नाही, तेव्हा निघाले. नंतर रोजच निघाले.

मामा, आता आठवायला बसलं की त्या सगळ्या सकाळी एकच लांबलचक सकाळ होऊन जातात. मी अर्धी जागी, अर्धी झोपेत. रंगवलेल्या भिंती, निळ्या, पोपटी, गुलाबी, एकीतनं एक निघत जायच्या. वर बघावं तर दोन घरांच्या मधे आभाळाची एवढीशी पट्टी, तिच्यात कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले. गल्ली संपली की समुद्र. वळलो, दुसरी गल्ली संपली, पुन्हा समुद्र. तुम्ही काही सांगत असायचात आणि मला कधी तुमचा आवाज यायचा, कधी लाटांचा. कुठली गोष्ट खरी घडली आणि कुठली मी चालता चालता पाहिली, हे मी आता पैजेवर सांगू शकत नाही.

माले केवढं, तर राजधानी म्हणायची, पण सकाळी कडेनं निघालं की न्याहारीपर्यंत फेरी पुरी होते. तेवढ्या जागेत माणसं एकावर एक रचलेली. गल्ल्यांत दोघं शेजारी मावत नाहीत. वाट मला माहीत, म्हणून मी पुढे आणि तुम्ही मागे. सासऱ्याच्या पुढे चालणारी सून मी आपल्याकडे कधी पाहिली नव्हती. माझा हात सारखा पदराकडे जायचा आणि तिथे पदर नसायचा, अंगावर दवाखान्याचे कपडे. तुमच्या ते लक्षात आलं असावं. कारण एकदा मागून म्हणालात, “नीट हात हालवून चाल की. कुनी बघत न्हाई.”

खरंच कुणी बघत नव्हतं. बघायचे ते तुम्हाला. चौकात स्कूटरींची झुंबड सुटली की तुम्ही छत्री आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहायचात आणि जीभ टाळूला लावून तो आवाज काढायचात, मेंढरं वळवायचा. आणि स्कूटरी वळायच्या, मामा! एक पोलीस हसत हसत तुमच्याकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज मात्र तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

तुम्हाला जे दिसायचं ते मला इतकी वर्षं राहून दिसलं नव्हतं असं मात्र नाही हं. उगाच मोठेपणा देणार नाही. मासळीबाजारात मांडीएवढे ट्यूना फरशीवर ओळीनं मांडलेले बघून तुम्ही विचारलंत, “ही चरायला कुठं नेत्यात?” आणि मी सांगेपर्यंत तुमचा विश्वास होता की यांना कुणीतरी राखत असणार. समुद्राचं पाणी मशीनमध्ये घालून गोड करतात हे तर तुम्ही शेवटपर्यंत मानलं नाहीत. “टँकर येत आसंल रातचा,” म्हणालात, “तुला दिसला नसंल.” पण दुसऱ्या दिवशी तुम्ही बोललात ते मात्र मला कधी सुचलं नव्हतं. “ह्या गावात कुत्रं न्हाई.” उभे राहून कान दिलात. “एक बी न्हाई. मग रातचं माणसाला धीर कसा येतो?” मालदीवमध्ये कुत्री पाळत नाहीत. पण माझ्या तिथल्या पहिल्या रात्री कशामुळे इतक्या सुन्या गेल्या होत्या, ते मला त्या सकाळी कळलं.

पूर्वेच्या बाजूला लाटा अडवायला सिमेंटचे अवाढव्य ठोकळे टाकलेत. तिथे पायऱ्या आहेत. तुम्ही उतरलात, ओंजळ भरून चव घेतलीत. “लय मीठ! मेंढरं यडी झाली आसती.” मग छत्रीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसलात.

“म्होरलं गाव कुठलं?”

“म्होरं काय न्हाई, मामा. पाणीच.”

“आसं कसं? शीव म्हंजी दोन गावांची आसती. हिकडनं एकाची, तिकडनं दुसऱ्याची. एकट्या गावाला शीव कशी आसंल?”

मला झोप येत होती. तुमच्या बाजूला पायरीवर मी बसले आणि बसल्या बसल्या डोळा लागला. जागी झाले तेव्हा ऊन चढलं होतं, आणि माझ्या तोंडावर सावली पडावी म्हणून तुम्ही जागा बदलून उन्हाकडे जाऊन बसला होतात. छत्री मिटलेलीच. तुमचा हट्ट म्हणजे हट्ट.

बंदराजवळ दोरीच्या जाळीच्या खुर्च्या टांगलेल्या असतात. तिथे तुम्हाला तो म्हातारा भेटला, पूर्वी होडी चालवणारा. तुम्ही चंची सोडून त्याला सुपारी दिलीत, त्यानं तुम्हाला लवंग. मग तुम्ही माणदेशी बोललात आणि तो तिथल्या दिवेही भाषेत बोलला, आणि तासभर दोघांचं छान चाललं. मधेच त्यानं बोटं मोजून दाखवली, एके, दे, तिने, आणि तुम्ही खुर्चीत उठून बसलात. “आगं, ह्यो तर आपल्यागतच मोजतोय!” त्यानं होड्या मोजल्या, तुम्ही मेंढरं. एवढ्या मेंढरांना होडीत कसं बसवता असं त्यानं हातानं विचारलं असावं, कारण तुम्ही दोघं खोकेपर्यंत हसलात.

आणि तो शुक्रवार. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत दुकानं बंद, बोटी बंद, रस्ते रिकामे. आपण मोठ्या रस्त्याच्या मधून चालत होतो, घरच्या वरातीत चालल्यासारखे. ऊन पांढरं पडलं होतं. प्रवाळाच्या दगडात कोरलेल्या त्या जुन्या मशिदीच्या कुंपणाशी तुम्ही थांबलात. आतल्या वाळूत थडग्यांचे दगड उभे, लाकडासारखी नक्षी. मी सांगितलं, हा दगड समुद्रात जिवंत असतो, वाढतो. तुम्ही फेट्याला हात लावून नमस्कार केलात आणि पुढे निघालात.  तेव्हा मनात आलं, सिद्धूबरोबर मी अशी कधी चालले नाही. माझ्या बापाबरोबरही नाही. बाईमाणसाला कुणी नुसतं चालायला नेत नाही. विहिरीला, रानात, दवाखान्यात, देवाला. नुसतं चालायला तुम्ही नेलंत.

मी उत्तर तयार ठेवलं होतं, मामा. रोज सकाळी गेटबाहेर तुम्ही दिसलात की वाटायचं, आज विचारणार. मी मनात वाक्यं जुळवायचे. पगार, अनुभव, घराचा हप्ता, सगळं ओळीनं. आणि तुम्ही विचारायचात, मांजरं काय खात्यात, शाळा कवा भरती. मला तुमचा राग यायचा. एकदाचं विचारा ना, म्हणजे मला नाही म्हणता येईल.

शेवटच्या दिवशी विमानतळाच्या बोटीची वाट बघत होतो, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. “मामा, तुमास्नी मला न्यायला पाठीवलंय. म्हैना झाला, तुमी एकदा बी इचारलं न्हाई.”

तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, “आमचा वाडा हालला की बायका म्होरं जायच्या.” वाडा म्हणजे तुमचा तो फिरता संसार, घोड्यावर लादलेला. “भांडी, कोंबड्या, लेकरं, समदं घिऊन तुजी आत्या म्होरं. मी मेंढरं चारत मागनं. चूल कुठं मांडायची ती बगायची. सांजच्याला धूर दिसला की कळायचं, आज हितं. म्होरं गेलेल्या बाईला कुनी म्हागारी हाक मारत न्हाई, पोरी.”

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. मी भांडले. “पर मी कुणासाठी चूल मांडायला आले न्हाई, मामा. माज्या मागनं कुणी यावं म्हणून मी हितं न्हाई. मला ह्ये गाव आवडतं. मी हितं एकटी चालते आन् कुठं निगालीस म्हणून कुणी इचारत न्हाई. एवढंच हाय.”

“कुनीतरी मागनं येतच आसतंय.”

“न्हाई येत.”

“येतंय. म्होरलीला दिसत न्हाई.”

“मामा, तुमी ऐकतच न्हाई मी काय म्हणते त्ये!”

तेवढ्यात बोट लागली. तुम्ही छत्री माझ्या हातात दिलीत, विमानात घेत न्हाईत म्हणालात, आणि गेलात. मला वाटलं, राहिलेलं भांडण फोनवर संपवू. पण नंतर फोनवर तुम्ही हळू बोलायचात, कायम बाहेरून, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघरीपाशी उभे राहून. आत का नाही बसत विचारलं की, “रेंज न्हाई.” पाणी कसं हाय, मांजरं कशी हायेत, त्यो म्हातारा भेटतो का. भांडण निघालंच नाही. मग एका दुपारी तुम्ही बाभळीखाली आडवे झालात आणि उठला नाहीत. मी पोचेपर्यंत राखही सावडून झाली होती. मला तुमचं तोंड बघायला मिळालं नाही, मामा. याचा राग मी कुणावर काढू?

आता आजचं सांगते. त्यासाठीच हे सगळं सुरू केलं.

संध्याकाळी शेवटचे पाहुणे गेले. सोप्यात आम्ही तिघंच, सिद्धू, आत्या आणि मी. सिद्धूनं नेहमीसारखा खिळा ठोकला. “आता हितंच ऱ्हा. आईला कोण हाय? इतकं दिस आप्पांच्या शबुदामुळं मी गप बसलो.”

“कसला शबुद?”

“आता कसला म्हणती! त्येंनीच तुला ऱ्हा म्हणून सांगितलं न्हवं का? तू यायला तयार हुतीस, पिशवी बी भरलीवतीस. त्येंनीच आडवलं. म्हणालं, मी सांगितलंय तिला, माज्यावर काय राग काढायचा तो काढा.”

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान फिरवली.

मामा, त्या वेळी मला काय वाटलं ते तुम्हालाच सांगते. आधी वाटलं, पिशवी मी कधी भरली होती? मग कळलं, मी नुसती गप्प बसले तरी पुरे आहे. मेलेल्या माणसाचा शब्द कोण मोडणार? सिद्धू कुरकुरला असता आणि दोन आठवड्यांनी मी सुखानं परत गेले असते, गावानंही तोंड वाकडं केलं नसतं. तुम्ही माझ्यासाठी वाट करून ठेवली होती आणि मला सांगितलंही नव्हतं. इतकं कुणी माझ्यासाठी केलेलं नाही. आणि तरीही, मामा, मला तुमचा पुन्हा राग आला. बंदरावर मी एवढं घसा फोडून सांगितलं ते काय होतं? तुमच्या परवानगीनं राहायचं असतं तर मी भांडले कशाला असते? आणि समोर आत्या बसलेल्या. तुमच्यावरचा राग त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता. माणूस गेला, आता तो राग कुठे ठेवायचा हे त्यांना कळत नव्हतं.

“मामांनी न्हाई सांगितलं,” मी म्हणाले. “त्येंनी मला ये बी म्हणलं न्हाई आन् ऱ्हा बी म्हणलं न्हाई. पिशवी मी भरलीच नव्हती. मलाच ऱ्हायाचं हाय. मी परत जाणार हाय. राग माज्यावर काढा.”

सिद्धू उठला, बाहेर जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. गेला नाही, तिथेच उभा राहिला. त्याचं आणि माझं काय व्हायचं ते व्हायचं आहे, मामा. ते तुम्ही मधे पडून सुटणारं नव्हतंच.

आत्यांनी पदर सारखा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “म्हंजी लबाड बोललं त्ये?”

“व्हय.”

“तुज्यापायी?”

“व्हय, आत्या.”

“आन् मी बोलले न्हाई त्येंच्यासंगं.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “आलं तसं माज्याम्होरं बसलं हुतं. समिंदर आसा, गल्ल्या तशा, म्हणून सांगाया लागलं. लय सांगायचं हुतं त्येंला. मी म्हणलं, सुनंला तिकडंच ठिवून आलायसा, तर मला तिथलं कायबी ऐकायचं न्हाई. पुन्यांदा कवा इषय काडला की मी उठून जायाची. मग त्येंनी काडायचंच सोडलं.”

मी त्यांच्या शेजारी सरकले. रेंज नव्हे, यांच्यासमोर बोलता येत नव्हतं म्हणून तुम्ही फोनवर वाघरीपाशी उभे असायचात, ते मला आता कळलं. खरं बोलून मी तुमच्यावरचा राग काढून घेतला, पण त्याच्या जागी त्यांच्या हातात काय ठेवलं ते मला दिसत होतं. बाहेर मेंढरं वाघरीत कोंबली जात होती, त्यांचा आवाज येत होता.

“सांग,” आत्या म्हणाल्या.

“काय सांगू?”

“त्येच. काय सांगणार हुतं त्ये.”

मी म्हणाले, “आत्या, मी रातपाळी करून सकाळी भाईर यायची, तवा मामा गेटापशी उबं आसायचं.”

“फेटा बांधून?”

“फेटा बांधून.”

“आन् चा?”

“चा घ्यायचा ऱ्हायलेला आसायचा.”

“बिगर चाचं उबं करत हुतीस व्हय गं माज्या म्हाताऱ्याला?” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला ओळखता येईना, म्हणून मी थांबले.

त्यांनी पदराआडूनच मला कोपरानं ढोसलं. “थांबू नगंस. म्होरं सांग.”